ड्रमवर उरलेले नाव : १९६०च्या दशकातील मुंबईचे बीट ग्रुप आणि सांस्कृतिक विस्मरण

सारांश :
१९६०च्या दशकात मुंबईत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या साथीने गाणाऱ्या तरुणांच्या अनेक वाद्यसंचांनी एक स्वतंत्र नागर संगीतसंस्कृती निर्माण केली. 'टेड लायन्स अँड हिज कब्ज' हा त्यांपैकी एक. 'गुमनाम' (१९६५) या चित्रपटातील एका गीतदृश्यामुळे हा संच आजही पडद्यावर दिसतो. परंतु संगीताच्या इतिहासात त्याला स्थान नाही. प्रस्तुत लेखात या संचाच्या निमित्ताने बीट ग्रुपांच्या विस्मरणाची कारणे तपासली असून, त्यांच्यावर घेतल्या जाणाऱ्या 'अनुकरणा'च्या आक्षेपाची चिकित्सा मराठी नाट्यसंगीताच्या परंपरेच्या आधारे केली आहे.

कळीचे शब्द : बीट ग्रुप, टेड लायन्स, गुमनाम, सिम्ला बीट, अनुकरण, चाल, विस्मरण.

प्रस्तावना :
कोणत्याही समाजाच्या सांस्कृतिक इतिहासात काय नोंदवले गेले याइतकेच काय नोंदवायचे राहून गेले, हेही महत्त्वाचे असते. १९६०च्या दशकातील मुंबईविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. लघुअनियतकालिकांची चळवळ, प्रायोगिक रंगभूमी, गिरणगावातील शाहिरी, भावगीताचा बहर यांची चर्चा आपण वर्गात करतो, शोधनिबंधांतून मांडतो. त्याच शहरात, त्याच वर्षांत, चर्चगेटच्या उपाहारगृहांत आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गिटार घेऊन उभे राहणारे तरुण मात्र या चित्रात क्वचितच दिसतात. इंग्रजी गाणी गाणारी ही मुले 'आपली' नव्हेत, असे गृहीत धरल्यामुळे त्यांच्याविषयी प्रश्नच उपस्थित झाला नाही.

अलीकडच्या काळात या विषयावर इंग्रजीत काही मोलाचे काम झाले. चित्रपटसृष्टीतील वादकांच्या श्रमजीवनावर ग्रेगरी बूथ यांचा ग्रंथ २००८ मध्ये, मुंबईतील जॅझच्या कालखंडावर नरेश फर्नांडिस यांचा ग्रंथ २०१२ मध्ये, तर रॉक संगीताच्या पिढीवर सिद्धार्थ भाटिया यांचे पुस्तक २०१४ मध्ये प्रकाशित झाले. मराठीच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, हा प्रश्न तरीही उरतो. तो केवळ गतकाळाच्या हळहळीचा प्रश्न नाही. आपण 'स्थानिक' कोणाला म्हणतो, याची कसोटी येथे लागते.

१. बीट ग्रुपची जडणघडण :
'बीट ग्रुप' म्हणजे दोन किंवा तीन इलेक्ट्रिक गिटार, एक ड्रम आणि वादकांचेच गळे, अशी चार-पाच जणांची रचना. 'शॅडोज' या इंग्रज वाद्यसंचाने आणि लखनौत १९४० साली जन्मलेल्या क्लिफ रिचर्ड या गायकाने ही रचना जगभर लोकप्रिय केली. १९६३-६४ नंतर बीटल्समुळे ती तरुणांची जणू मातृभाषाच झाली. मुंबईत ही लाट पोहोचली तेव्हा तिच्यासाठी भूमी अगोदरच तयार होती. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले वादक कित्येक दशके या शहरातील हॉटेलांत जॅझ वाजवीत होते आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही काम करीत होते. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंद-संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा हे याच परंपरेतले. धोबीतलाव, माझगाव आणि वांद्रे येथील वस्त्यांत वाद्य शिकणे हा चैनीचा नव्हे, तर चरितार्थाचा भाग होता.

बीट ग्रुप वाढण्यामागे आर्थिक कारणही होते. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांच्या रात्रजीवनावर मर्यादा आल्या. दहा-बारा वादकांचा जॅझवृंद पोसण्यापेक्षा चार तरुणांचा संच परवडणारा होता. रविवारी सकाळी भरणाऱ्या 'जॅम सेशन'मध्ये कॉफीच्या पेल्यावर बसून संगीत ऐकणारा महाविद्यालयीन श्रोता हाच नवा आश्रयदाता ठरला. चर्चगेट परिसरातील 'बॉम्बेलीज', 'गेलॉर्ड', 'व्हेनिस' ही नावे त्या पिढीच्या आठवणींत वारंवार येतात. 'जेट्स', 'मिस्टिक्स', 'सॅव्हेजेस', 'कम्बस्टिबल्स' असे संच या वातावरणात उभे राहिले.

नव्या गाण्यांची ओळख होण्याचे मार्ग मात्र थोडे होते. आकाशवाणीच्या धोरणात अशा संगीताला फारसे स्थान नव्हते. म्हणून रेडिओ सिलोन लावून गाणे कानात साठवायचे, शब्द अंदाजाने उतरवायचे आणि गिटारवरील स्वर शोधून काढायचे, ही शिक्षणपद्धती रूढ झाली. वाद्यांची अडचण तर याहून मोठी होती. परदेशी गिटार आयात-परवान्याच्या जाळ्यात अडकलेली होती. त्यातच ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन एका डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. म्हणजे जकात सोडून दिली, तरी तेच वाद्य एका दिवसात दीडपटीहून अधिक महाग झाले. अशा काळात ध्वनिवर्धक स्थानिक कारागिरांकडून बनवून घेणे, वाद्ये आपसांत उसनी देणे-घेणे, हे अपरिहार्य होते. या संगीताला केवळ 'श्रीमंतांच्या मुलांचा छंद' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही परिस्थिती लक्षात घ्यावयास हवी. इंग्रजी शिक्षणाचा लाभ या तरुणांना मिळाला होता, हे खरे. पण त्यांतील सर्वच सुखवस्तू होते, असे म्हणता येत नाही.

२. दिसणारा, पण न ऐकू येणारा संच :
राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला 'गुमनाम' हा रहस्यपट १९६५ साली प्रदर्शित झाला. चित्रपटाच्या आरंभीच्या भागात एका क्लबमध्ये 'जान पहचान हो' हे गीत येते. मुखवटे चढवलेले नर्तक, सोनेरी पोशाखातील लक्ष्मी छाया यांचे भान हरपून टाकणारे नृत्य आणि त्यांच्यामागे गिटार-ड्रम घेऊन उभा असलेला वाद्यसंच. त्या संचाच्या ड्रमवर इंग्रजी अक्षरांत नाव रंगवलेले आहे : 'टेड लायन्स अँड हिज कब्ज'. इंग्रजीत 'लायन्स' हे आडनाव आणि सिंहवाचक शब्द यांचा उच्चार एकच असल्याने, 'सिंह आणि त्याचे छावे' असा त्यातला श्लेष.

या दृश्यात आवाज मोहम्मद रफी यांचा, संगीत शंकर-जयकिशन यांचे आणि पडद्यावर ओठ हलवतात ते हर्मन बेंजामिन. हिंदी चित्रपटाच्या पद्धतीप्रमाणे गीताचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण या दोन स्वतंत्र प्रक्रिया असतात. म्हणून पडद्यावर गिटारच्या तारांवर फिरणारी बोटे आणि आपल्या कानी पडणारे स्वर एकाच व्यक्तीचे आहेत, असे गृहीत धरता येत नाही. परिणामी एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते. ज्या संचाचे नाव चित्रपटात ठळक अक्षरांत वाचता येते, त्या संचाचे गाणे त्या चित्रपटात आहे, असे आपण म्हणू शकत नाही.

तरीही हे दृश्य केवळ सजावट आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या गीताचा वेग, गिटारचा पुढे सरसावणारा स्वर, तालाचा सततचा रेटा ही बीट संगीताचीच वैशिष्ट्ये आहेत. शंकर-जयकिशन यांनी शहराच्या क्लबांत घुमणारा नाद ओळखला, तो आपल्या प्रचंड वाद्यवृंदाच्या भाषेत आणला आणि रफींच्या गळ्याने त्याला देशव्यापी केले. दिग्दर्शकानेही खोटा संच उभा न करता शहरातला खरा संच त्याच्या खऱ्या नावानिशी पडद्यावर आणला. येथे चित्रपटाने बीट ग्रुपची प्रतिमा स्वीकारली आणि शैलीही आत्मसात केली. फक्त त्याचे कर्तृत्व स्वीकारले नाही. ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच वर्षीच्या 'जानवर' मध्येही बीटल्सच्या धाटणीचा संच पडद्यावर दिसतो. यावरून बीट ग्रुप हा चित्रपटसृष्टीच्या दृष्टीने एक 'प्रसंग' होता, संगीतकार नव्हे, हे स्पष्ट होते.

या दृश्याचे पुढील आयुष्यही विचार करायला लावणारे आहे. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी चित्रपटाच्या प्रारंभी ते वापरले गेले, तर २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय बिअर कंपनीच्या जाहिरातीत या गीताचा उपयोग झाला. जगभरच्या प्रेक्षकांनी ड्रमवरचे ते नाव वाचले आणि कुतूहल व्यक्त केले. ज्या शहरात हा संच घडला, त्या शहराच्या अभ्यासक्रमांत मात्र हे कुतूहल उतरले नाही.

३. ऐकू येणारे, पण न दिसणारे संच :
'गुमनाम' मध्ये प्रतिमा उरली. तर 'सिम्ला बीट' च्या ध्वनिमुद्रिकांत आवाज उरला. इम्पीरियल टोबॅको या कंपनीने आपल्या 'सिम्ला' सिगारेटच्या प्रसिद्धीसाठी साठच्या दशकाच्या अखेरीस बीट ग्रुपांची देशव्यापी स्पर्धा सुरू केली. तिची अंतिम फेरी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात होत असे. १९७० आणि १९७१ या वर्षांच्या स्पर्धांतील निवडक संचांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. बंगलोरचा 'डायनोसॉर्स', मद्रासचे 'कन्फ्यूजन्स' आणि 'जेन्युइन स्पेअर्स', कलकत्त्याचा 'ग्रेट बेअर', शिलाँगचा 'फेंटोन्स' अशा संचांचे आवाज त्यांमुळे टिकले. कलकत्त्याहून १९६७ पासून निघणाऱ्या 'ज्युनिअर स्टेट्समन' या युवा-साप्ताहिकानेही या संचांची दखल घेतली; ते १९७७ मध्ये बंद पडले.

या ध्वनिमुद्रिकांकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिल्यास एक बाब विशेष जाणवते. 'डायनोसॉर्स' यांनी 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' या अमेरिकी संचाचे गीत गायले, तर 'कन्फ्यूजन्स' यांनी स्वतःची रचना सादर केली. म्हणजे अनुसरण आणि नवनिर्मिती एकाच तबकडीवर शेजारी शेजारी नांदत होती. ध्वनिमुद्रण साधे आहे. गळ्यांत कधी कधी परके उच्चार अंगावर चढवलेल्या कपड्यांसारखे वाटतात. पण वादनात आत्मविश्वास आहे आणि कित्येक ठिकाणी मूळ गीतापेक्षा अधिक खडबडीत, अधिक आतुर असा नाद आहे. उसन्या वाद्यावर, ऐकून ऐकून शिकलेल्या हाताचा तो नाद आहे.

तथापि या आवाजाला टिकवले कोणी? सिगारेटच्या जाहिरातीने. ग्रामोफोन कंपनीचे प्रभुत्व असलेल्या तत्कालीन ध्वनिमुद्रिका-व्यवसायात चित्रपटगीतांना हमखास ग्राहक होता; इंग्रजी गाणाऱ्या स्थानिक संचांवर भांडवल गुंतवण्याचे कारण नव्हते. स्पर्धा संपली, तसा आश्रयही संपला. आणखी एक विसंगती येथे नोंदवावीशी वाटते. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत आले आणि त्यांनी एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ यांच्यासारख्या कलावंतांचा त्यात सहभाग होता. लंडनचा गिटारवादक मुंबईत बासरी-संतूर शोधीत होता, तेव्हा मुंबईचे गिटारवादक लंडनचा स्वर शोधीत होते. दोघेही परक्या संगीताकडेच वळले होते. पण एकाच्या शोधाला 'प्रयोग' म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या शोधाला 'नक्कल'.

४. अनुकरणाचा आक्षेप आणि 'चाल' :
बीट ग्रुपांवरील मुख्य आक्षेप अनुकरणाचा आहे. त्यांनी पाश्चात्त्यांची गाणी जशीच्या तशी गायली, म्हणून त्यांना सांस्कृतिक मूल्य नाही, असा हा युक्तिवाद. मराठी समीक्षेत देशीयतेच्या चर्चेने अनुकरणाविषयी जी सावधता निर्माण केली, ती मोलाची आहे. परंतु तिचा वापर निवाडा देण्याची घाई करण्यासाठी होऊ नये. आपल्याच संगीत रंगभूमीचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये आणि 'सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यांच्या पदांवर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या गीताचा निर्देश छापलेला असे. कर्नाटकातील गाणी, कीर्तनातील साक्या-दिंड्या, लावण्या यांतून या चाली आल्या. पुढे 'स्वयंवर' (१९१६) नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी हिंदुस्थानी बंदिशींच्या आधारे पदांना चाली दिल्या. या परंपरेला कोणी नक्कल म्हटले नाही. उलट, ज्ञात चालीत नवा अर्थ भरण्याचे कौशल्य आणि ती चाल रंगमंचावर उभी करणाऱ्या नटाचा गळा, हेच तिचे सौंदर्य मानले गेले. चालीचा उगम लपवणे दूरच, तो पदाच्या माथ्यावर छापण्यात संकोचही वाटला नाही.

अर्थात दोन्ही गोष्टी समान नाहीत. नाट्यपदात चाल उसनी असली तरी शब्द मराठी होते; बीट ग्रुपांनी चाल आणि शब्द दोन्ही उसने घेतले. हा फरक मूलभूत आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागेल. परंतु तेवढ्याने प्रश्न संपत नाही. गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्राने चित्रपटगीते स्वरशः सादर केली, तेव्हा शब्द आणि चाल दोन्ही उसनीच होती; तरीही ऑर्केस्ट्रा हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा भाग म्हणून आपण स्वीकारला. यावरून अनुकरण हा खरा आक्षेप नसून, कोणाचे आणि कोणत्या भाषेतील अनुकरण, हा खरा आक्षेप असल्याचे दिसते. म्हणून येथे रचनेऐवजी सादरीकरण हे विश्लेषणाचे एकक मानणे अधिक उपयुक्त ठरेल. गाणे कोणी लिहिले, याबरोबरच ते कोठे, कोणासाठी, कोणत्या साधनांनी वाजवले गेले, हे विचारले की, उधार गाण्याआड दडलेला स्थानिक इतिहास दिसू लागतो.

५. मराठी रंगभूमीशी असलेला दुवा :
या संस्कृतीचा मराठीशी काहीच संबंध नव्हता, हा समजही टिकणारा नाही. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे हे याच परंपरेत घडलेले गायक. 'व्हेल्व्हेट फॉग' आणि 'सॅव्हेजेस' या मुंबईच्या संचांतून ते गायले. १९७४ मध्ये ॲलेक पदमसी यांनी रंगमंचावर आणलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक-नाट्यात त्यांनी जुडासची भूमिका केली. त्यानंतर १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून रूपांतरित केलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा' मध्ये ते मराठी प्रेक्षकांसमोर आले.

या नाटकात नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्त्य रॉक या शैली एकाच रंगमंचावर परस्परांसमोर उभ्या राहतात. 'तीन पैशाचा तमाशा'ची चर्चा आपण ब्रेख्त, तमाशा आणि रूपांतर या अंगांनी करतो. परंतु त्यातील रॉकच्या धाटणीचा गळा कोठून आला, हे विचारले की, वाट थेट चर्चगेटच्या जॅम सेशनपर्यंत जाते. मुंबईच्या बीट ग्रुपांची शाळा नसती, तर मराठी रंगभूमीला तो गळा इतक्या सहजतेने मिळाला नसता. नंदू भेंडे यांचे २०१४ मध्ये निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीचा विचार नाट्यइतिहास आणि रॉकइतिहास अशा दोन कप्प्यांत विभागला गेला, तर दोन्ही इतिहास अपुरे राहतील.

मुंबईजवळच मळवली येथे १९७१ मध्ये भरलेला 'स्नेहयात्रा' हा खुला संगीत महोत्सवही याच प्रवाहाचा भाग. कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या या गावाचा उल्लेख भारतीय रॉकच्या आठवणींत होतो. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात मात्र होत नाही.

६. विस्मरणाची कारणे आणि साधनांचा प्रश्न :
वरील विवेचनावरून विस्मरणाची तीन कारणे संभवतात. पहिले, भाषिक : आपले सांस्कृतिक इतिहास भाषावार लिहिले जातात, मराठी शहरात इंग्रजी गाणारा गोवेकर, पारशी वा मराठी तरुण कोणत्याच भाषेच्या इतिहासात बसत नाही. दुसरे, व्यावसायिक : स्वतंत्र ध्वनिमुद्रणाचा आधार नसल्याने सादरीकरण क्षणात विरून गेले. तिसरे, स्थलांतर : अनेक कलावंतांनी शहर वा क्षेत्र बदलले. बंगलोरहून मुंबईत येऊन गाणारे बिड्डू १९६७ मध्ये इंग्लंडला गेले आणि १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग' या गीताचे निर्माते म्हणून जगाला परिचित झाले. बहुतेकांच्या वाट्याला असे यश आले नाही. ते नोकरी-व्यवसायात स्थिरावले.

चौथी बाब कारण नसून परिणाम आहे, पण ती अधिक चिंताजनक आहे : साधने वेगाने नष्ट होत आहेत. काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस' हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. धोबीतलावचे 'रंगभवन' शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळे मैफलींना मुकले. त्या पिढीतील कलावंत आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवण्यासाठी आपल्याजवळ फार वर्षे नाहीत.

येथे महाविद्यालयांची जबाबदारी येते. बीट ग्रुपांचा प्रमुख श्रोता विद्यार्थी होता आणि त्यांचे एक प्रमुख व्यासपीठ स्नेहसंमेलन होते. त्यामुळे त्या काळातील वार्षिकांक, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे आणि जिमखान्याच्या हिशेबवह्या ही या इतिहासाची प्राथमिक साधने ठरतात. ग्रंथालयातील जागा मोकळी करताना सर्वप्रथम रद्दीत जातात, तीही हीच. इतिहास, मराठी, इंग्रजी आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेतल्या आणि वार्षिकांकांचे संगणकीय जतन केले, तर मोठ्या अनुदानाविनाही हे काम उभे राहू शकेल.

निष्कर्ष :
१. १९६०च्या दशकातील मुंबईचे बीट ग्रुप हे परक्या संगीताचे निष्क्रिय ग्राहक नव्हते. आयात-निर्बंध, दारूबंदी आणि मर्यादित प्रसारण यांतून वाट काढत त्यांनी स्वतःची सादरीकरण-संस्कृती घडवली.
२. 'गुमनाम' ने या संस्कृतीची प्रतिमा आणि शैली देशभर नेली, परंतु संचाच्या कर्तृत्वाची नोंद ठेवली नाही. 'सिम्ला बीट' ने आवाज टिकवला, पण तो जाहिरातीच्या गरजेपुरताच.
३. अनुकरणाचा आक्षेप निकषांच्या समानतेने लावला जात नाही. 'चाल' आणि ऑर्केस्ट्रा यांना दिलेला न्याय बीट ग्रुपांनाही द्यावयास हवा; मात्र शब्दही उसने असल्याची मर्यादा दृष्टिआड करता येणार नाही.
४. नंदू भेंडे यांच्या द्वारे ही परंपरा मराठी रंगभूमीत उतरली. म्हणून ती मराठी अभ्यासकाच्याही कक्षेतील आहे.

टेड लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना थोर कलावंत ठरवणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यांची थोरवी मोजण्याइतका पुरावा आपण राखलाच नाही. एका चित्रपटाने ड्रमवरचे एक नाव पुसले नाही, एवढ्यावर त्यांची स्मृती टिकून आहे. ज्यांचे नाव कोणत्याच ड्रमवरून कॅमेऱ्याने टिपले नाही, असे संच किती होते, याचा शोध घेण्यासाठी आपल्या ग्रंथालयांतील जुने वार्षिकांक उघडावे लागतील, आणि तेही ते रद्दीत जाण्यापूर्वी.